गुडघ्यातली कूर्चा उडालीय? ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी हे वाचा

एमआरआयच्या रिपोर्टवर 'ग्रेड ४' (म्हणजे कूर्चा पार हाडापर्यंत उडालीय) दिसलं की माणूस घाबरून लगेच ऑपरेशनची नावं शोधत बसतो, मी पण तेच केलं आणि दोन रात्री झोप नाही. नावं नंतर. आधी डॉक्टरांना विचारा की खड्डा किती चौरस सेंटीमीटरचा आहे आणि नेमका कुठे आहे, कारण जवळपास सगळं यावरच ठरतं.

आपल्याकडे सगळ्यालाच 'गादी' म्हणतात, तिथेच घोळ होतो. मेनिस्कस म्हणजे दोन हाडांच्या मधल्या चकत्या, त्यांचं ऑपरेशन वेगळं. कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचाच पांढरा गुळगुळीत थर, शहाळं फोडल्यावर आत मलई चिकटलेली असते ना, तसा. त्याला रक्तपुरवठाच नाही म्हणून तो आपोआप नीट भरून येत नाही, पावडरी कितीही खा. आणि हो, आईचा किंवा आजीचा अख्खा गुडघा झिजलाय तर हे वाचून उपयोग नाही, ही ऑपरेशनं आजूबाजूची कूर्चा धड असताना मध्येच एक तुकडा उडालाय अशांसाठी.

आता माप. साधारण २ चौरस सेंटीमीटरच्या आत असेल (रुपयाचं नाणं अर्धं कापलं तर त्याहून किंचित मोठं) तर बहुतेक मायक्रोफ्रॅक्चर सुचवतात. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टेडमननी हे रुळवलं. दुर्बिणीतून सैल कूर्चा खरवडून काढतात, कडा उभ्या आणि पक्क्या करतात, मग चप्पल शिवायच्या आरीसारख्या हत्याराने हाडाला ३-४ मिलिमीटरच्या अंतराने भोकं पाडतात, आतून मज्जेतलं रक्त येतं, त्याची गुठळी खड्ड्यात बसते आणि तिचीच हळूहळू नवी कूर्चा होते. फक्त ही कूर्चा मूळची नाही, जरा राठ, ठिगळासारखी, काही वर्षांनी परत कुरकुरू शकते. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्ही स्वतःहून विचारा.

खालचं हाडही खराब असेल तर मोझेकप्लास्टी, म्हणजे गुडघ्यातल्याच कमी भार पडणाऱ्या जागेवरून हाड-कूर्चेच्या छोट्या दांड्या काढून खड्ड्यात ठोकायच्या. कूर्चा अस्सल मिळते, पण जिथून काढली तिथे दुखू शकतं, आणि काढणार तरी किती? मोठ्या खड्ड्याला पेशींचं ऑपरेशन, एसीआय. हे स्वीडनच्या गोथेनबर्गमधलं, १९९४ साली छापून आलं. दोनदा टेबलावर जावं लागतं: आधी कूर्चेचा नखाएवढा तुकडा काढून लॅबमध्ये पेशी वाढवतात, काही आठवड्यांनी त्या आत बसवतात. खर्च बराच, इन्शुरन्सवाल्यांकडून आधीच लेखी घ्या.

अजून एक, पाय बाकदार असेल तर भार सतत त्याच जागी पडतो आणि नवं ठिगळही उखडतं, त्यामुळे उभ्याने अख्ख्या पायाचा एक्सरे काढलाय का ते विचाराच. लिगामेंट तुटलेलं असेल तर तेही दुरुस्त करावंच लागतं.

आणि खरी परीक्षा घरी आल्यावर. मांडीच्या हाडाच्या भार घेणाऱ्या भागावर मायक्रोफ्रॅक्चर असेल तर साधारण ६ ते ८ आठवडे त्या पायावर पूर्ण वजन टाकायचं नाही, कुबड्या, शिवाय पाय आपोआप हलवणारं मशीन रोज ६-८ तास (ते भाड्याने मिळतं, विकत घेऊ नका). वाटीच्या मागचा खड्डा असेल तर उलटं, ब्रेस (गुडघ्याचा पट्टा) लावून भार लवकर चालतो पण वाकवण्यावर मर्यादा. म्हणून शेजारच्या काकांचं वेळापत्रक कॉपी करू नका, स्वतःच्या सर्जनचं लिहून घ्या.

घरी भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा, मी डिस्चार्जच्या दिवशी भावाला पळवला. बाथरूममधलं पायपुसणं उचला, कुबडी त्यावरूनच घसरते. जिने चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, तिसऱ्या आठवड्यापर्यंत मी पायऱ्या मोजून पाठ केल्या होत्या, ५४.