नवी गाडी पासिंगआधी तपासा

पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी घरी आणायची असेल, तर तपासणी त्या दिवशी करू नका. हार, पेढे आणि फोटोंच्या गडबडीत ओरखडे कोणाला दिसतात! शिवाय तोवर गाडी तुमच्या नावावर झालेली असते, मग बदलून मिळणं कठीण. म्हणून आरटीओ नोंदणी आणि विम्याच्या आधीच, शोरूमच्या झगमगाटात नाही तर डीलर नव्या गाड्या ठेवतो त्या यार्डात, भर दिवसा गाडी पाहा. धुतलेली आणि पूर्ण कोरडी हवी. ओल्या पत्र्यावर ओरखडे लपतात.

पत्रा समोरून न पाहता खाली वाकून तिरका पाहा. पोचा किंवा पुन्हा मारलेला रंग तसाच कळतो. बॉनेट उघडून बिजागरीचे बोल्ट बघा. त्यांच्यावरचा रंग उडाला असेल तर पाना लागलाय, कारण विचाराच. टायरच्या कडेवर ‘डीओटी’ने सुरू होणारा कोड असतो, त्याच्या शेवटचे चार आकडे टायर कधी बनला ते सांगतात: १८२५ म्हणजे २०२५ चा अठरावा आठवडा. स्टेपनीचंही पाहा. चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, कागदांशी स्वतः ताडा. एसी, काचा, वायपर, दिवे चालवून बघायला पाच मिनिटं पुरतात.

दोष सापडला तर ‘करून देतो साहेब’वर थांबू नका, ईमेलवर लेखी घ्या.