दुकानाचं वीजबिल कमी करायचंय? आधी फ्रिजच्या मागे बघा

दुकान बंद करताना मी मीटरचं रीडिंग वहीत लिहितो, सकाळी शटर उघडल्यावर पुन्हा. रात्री दिवे, पंखे बंद. तरीही जे युनिट पडतात, ते जवळजवळ सगळे फ्रिज आणि डीप फ्रीजरचे. सुरुवात तिथूनच करा.

फ्रिजच्या मागे किंवा खाली कंडेन्सरची जाळी असते. आतली उष्णता तिच्यातूनच बाहेर पडते. तिच्यावर धूळ बसली की कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. दर महिन्याला प्लग काढून मऊ ब्रशने ती झाडा. पात्या नाजूक असतात, वाकवू नका. आणि मागे रिकामे खोके रचू नका, ही कळकळीची विनंती. हवेला वाट हवी.

मग दाराचं रबर. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा, ओढून बघा. सहज निघाली तर तिथून गारवा जातोय. चारही बाजू तपासा. रबर नुसतं मळलं असेल तर पुसून भागतं, फाटलं असेल तर बदलाच.

फ्रिजला 3 ते 4 अंश सेल्सिअस, फ्रीजरला उणे 18 पुरतं. आत थर्मामीटर ठेवा, बटणावरच्या आकड्यांवर विसंबू नका. बर्फ अर्धा सेंटिमीटर साचला की वितळवा. सुरीने खरवडलात तर नळीला भोक पडून गॅस जाईल.

एलईडी दिवे लावणारच असाल तर आधी फ्रिजच्या आत लावा. जुना दिवा आत उष्णता सोडतो, ती काढायला पुन्हा वीज लागते.