डेव्हिड गेमेल यांची आपली आवडती कादंबरी कशी निवडावी

डेव्हिड गेमेल (१९४८–२००६) या ब्रिटिश लेखकाने वीरकथांच्या धाटणीच्या तीसहून अधिक फँटसी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली आवडती कोणती असे विचारले की बहुतेक वाचक ‘लेजंड’चे नाव घेतात, कारण १९८४ साली आलेली ती त्यांची पहिली कादंबरी आणि अनेकांनी सर्वांत आधी वाचलेलीही तीच. मात्र पहिली भेट आणि खरी आवड या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे निवडीला थोडा वेळ द्यावा.

गेमेल यांच्या कथानकांची चौकट पुष्कळदा सारखीच असते. मूठभर माणसे, समोर अफाट फौज, उतारवयातला योद्धा आणि जुने पाप फेडू पाहणारा कुणीतरी त्यांत हमखास भेटतात. म्हणून कथानकावरून निवडायला गेलात तर कादंबऱ्या एकमेकींत मिसळून जातात. निवड माणसांवरून करावी, आणि त्यातही त्या माणसाला कशाची भीती वाटते यावरून करावी. या लेखकाचा खरा विषय भ्यालेल्या माणसाचे धैर्य हाच आहे, असे मला अनेक वाचनांनंतर ठामपणे वाटते.

सुरुवात अर्थातच ‘लेजंड’पासून करावी. १९७६ मध्ये गेमेल यांना कर्करोग झाल्याची शंका होती आणि त्या टांगत्या अवस्थेत त्यांनी वेढा पडलेल्या किल्ल्याची ही गोष्ट लिहायला घेतली. किल्ला पडेल की टिकेल हे त्यांनी ठरवलेच नव्हते. ते तपासणीच्या निकालावर सोडले होते. पुढे ती शंका खोटी ठरली. हे लक्षात ठेवून द्रॉस डेल्नॉख या त्या किल्ल्याच्या सहा तटांचे प्रसंग सावकाश वाचावेत. प्रत्येक तटाला नाव आहे आणि प्रत्येक नावाला अर्थ आहे: एल्दिबार म्हणजे उन्माद, मुसिफ म्हणजे निराशा, कानिया म्हणजे पुन्हा जागलेली आशा, सुमितोस म्हणजे अगतिकता, वाल्तेरी म्हणजे शांतचित्त आणि शेवटचा गेद्दोन म्हणजे मृत्यू. जीवघेण्या आजाराची बातमी ऐकलेल्या माणसाचे मन ज्या पायऱ्या उतरत जाते, त्याच या तटांवर कोरलेल्या आहेत. साठीला पोचलेला योद्धा ड्रस दुखऱ्या सांध्यांनिशी स्नागा ही कुऱ्हाड घेऊन जिथे उभा राहतो, तिथे तुमचा श्वास अडकला, तर तुमचा शोध कदाचित इथेच संपेल.

तसे झाले नाही, तर आपल्या भीतीच्या जवळची कादंबरी शोधावी. हातून घडलेली चूक कधीच पुसली जाणार नाही, ही भीती ज्यांना छळते त्यांनी ‘वेलँडर’ (१९८६) घ्यावी. पैशासाठी राजाचा खून केलेला मारेकरी तिचा नायक आहे. आपण कुठलेच नाही, ही सल असेल तर ‘लायन ऑफ मॅसिडॉन’ (१९९०) वाचावी. तिच्यातला पार्मेनियन अर्धा मॅसिडोनियन असल्यामुळे स्पार्टात टोमणे आणि मार खात वाढतो. श्रद्धा आणि हिंसा एकाच माणसात कशा नांदतात हा प्रश्न ज्यांना सतावतो, त्यांच्यासाठी ‘वुल्फ इन शॅडो’ (१९८७) आहे; उद्ध्वस्त जगात जॉन शॅनो बायबल आणि पिस्तुले बाळगून जेरुसलेम शोधत हिंडतो. ट्रॉयची कादंबरीत्रयी मात्र एकच ग्रंथ मानावी. तिचा तिसरा खंड गेमेल यांच्या निधनानंतर पत्नी स्टेला यांनी पूर्ण केला.

दोन-तीन नावे उरली की त्यांची कसोटी घ्यावी. प्रत्येक कादंबरीतली सर्वांत कच्ची जागा आठवावी आणि ती मान्य करूनही पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटते का, हे प्रामाणिकपणे पाहावे. ‘लेजंड’चा शेवट मला फारच सोयीचा वाटतो, आणि ती माझ्या यादीत पहिली न राहण्याचे कारण तेच आहे. त्यानंतर प्रत्येकीची पहिली वीस पाने एका बैठकीत वाचावीत. गोष्ट आधीच ठाऊक असताना जिचे एकविसावे पान हात आपोआप उलटतो, तीच तुमची कादंबरी.

माझ्या बाबतीत ती ‘वेलँडर’ ठरली. तिच्या आरंभी एका धर्मगुरूचा छळ चाललेला असताना झाडांच्या सावलीतून एक अनोळखी माणूस पुढे येतो आणि त्या लुटारूंकडे फक्त आपला चोरीला गेलेला घोडा मागतो. धर्मगुरूला वाचवायचे त्याच्या मनातही नसते, आणि तरी तो त्याला वाचवतो.