आरसी ट्रक सजवताय? मग या चुका टाळा

नवीन कोणी स्वतः सजवलेला आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारा, ट्रक दाखवायला आणला की मी आधी तो हातात घेतो आणि पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम वर दाबून बघतो. बहुतेक वेळा कुठेतरी कर्र आवाज येतो, टायर फेंडरच्या आत घासतो नाहीतर हाताने बनवलेली पायरी टक्कन निघून येते. टेबलावर गाडी छान दिसत असते, मेहनतही दिसत असते, पण हा ट्रक दगडावर चढणार आहे, वाकणार आहे, कधीतरी उलटणार आहे हे बनवताना डोक्यात नव्हतं. खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या जवळपास सगळ्या इथूनच सुरू होतात. आकडे १/१० स्केलच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाच्या) क्रॉलरचे, म्हणजे दगडांवर हळू चढणाऱ्या गाडीचे आहेत, लहान गाडी असेल तर त्या हिशोबाने कमी करा.

टपावर अख्खं घर चढवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते कारण ती करणारे लोक कामात हुशार असतात. एकाचा ट्रक आठवतो. भरीव पितळी तारेचं कॅरिअर, प्रत्येक जोड नीट सोल्डर केलेला, त्यावर रेझिनमध्ये ओतलेले जेरीकॅन, खरे नट भरलेली टूलबॉक्स, आणि वर स्पेअर म्हणून एक पूर्ण चाक, मेटल बीडलॉक (टायर स्क्रूने आवळून धरणाऱ्या) रिमसकट. काम इतकं सुबक होतं की सगळे फोन काढून फोटो घेत होते. मग त्याने गाडी एका आडव्या उतारावर नेली, असा उतार जो कंपनीतून आलेली साधी गाडी न थांबता पार करते. वरच्या बाजूची दोन्ही चाकं हळूच उचलली गेली आणि ट्रक सरळ टपावर पडला. कॅरिअरचे दोन पाय सोल्डरपासून सुटले, पुढच्या काचेशेजारचा एबीएस प्लास्टिकचा खांब चिरला, काच उडून बाजूला पडली.

इथवर ठीक होतं, पुढे त्याने जे केलं ते जास्त वाईट. कॅरिअर हलकं करायचं सोडून तोल साधायला म्हणून चारही चाकांत पितळी वजनं टाकली. आता गाडी उलटेना, पण पुढची चाकं वळवताना सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) कण्हायला लागला आणि मोटर हात लावू देईना एवढी तापायला लागली. चाकांत, ॲक्सलवर वजन टाकणं चुकीचं नाही, मीही टाकतो, पण वरचं ओझं फेडायला खाली ओझं वाढवत गेलं की शेवटी गिअर आणि सर्वोच मरतात.

हिशोब सोपा आहे. समजा गाडी २.५ किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० मिमीवर, आणि मधल्या रेषेपासून टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत ११५ मिमी. अशी गाडी साधारण ५२ अंशांपर्यंत आडवी तग धरते. आता २३० मिमी उंचीवर फक्त ३०० ग्रॅम ठेवा. गुरुत्वमध्य १०५ मिमीवर जातो आणि कोन ४८ च्या खाली येतो. हे झालं कागदावर. खऱ्या उतारावर वरचं वजन सस्पेन्शनही एका बाजूला दाबतं, बॉडी कलते, त्यामुळे नुकसान याहून जास्तच होतं.

माझी पद्धत अशी की टपावर जाणारी प्रत्येक वस्तू आधी वजनकाट्यावर जाते. कॅरिअर भरीव तारेऐवजी पितळी नळीचं किंवा सरळ स्टायरीनच्या (मॉडेल बनवायचं हलकं प्लास्टिक) नळीचं. जेरीकॅन ०.५ मिमी स्टायरीन शीटची पोकळ डबी. पिशव्या, स्लीपिंग बॅगा आतून फोमच्या, वर पातळ कापड. स्पेअर चाक हवंच असेल तर जुना टायर, आतला फोम काढून, पोकळ प्लास्टिक रिमवर, आणि तेही टपावर नको, मागच्या दाराला लावा. सगळं जागेवर बसलं की गाडी एका फळीवर आडवी उभी करायची, फळीची एक कड हळूहळू उचलायची आणि वरची चाकं कुठल्या कोनाला सुटतात ते फोनवर मोजायचं. हे सजवायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा करा. दोन आकड्यांतला फरक बघून स्वतःच ठरवता येतं काय ठेवायचं आणि काय काढायचं.

आधी चिकटवणं, मग वाकवून बघणं

क्रम उलटा पाहिजे. बंपर असो, पायरी असो, मडफ्लॅप असो, आधी दुहेरी टेपने किंवा कागदी टेपने तात्पुरतं लावा, मग सस्पेन्शन तिरकं पूर्ण दाबून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. फक्त सरळ दाबून काही कळत नाही, टायर सगळ्यात जास्त आत येतो तो वळलेला असताना आणि एक बाजू दबलेली असताना. आतली सीट, डॅशबोर्ड, ड्रायव्हर बसवतानाही हेच, खाली बॅटरी, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), मोटर कुठे आहे ते बघून तळ कापा आणि ईएससीच्या वर हवेला जागा सोडा. अजून एक, शॉकच्या स्प्रिंग मूळ हलक्या लेक्सन (पातळ पारदर्शक पॉलीकार्बोनेट) बॉडीच्या वजनाला बसवलेल्या असतात, हार्ड बॉडी (एबीएससारख्या जाड प्लास्टिकची) आणि त्यावरचा संसार चढला की गाडी खाली बसते, त्यामुळे स्प्रिंग सगळं काम झाल्यावर शेवटी बदला, आधी बदललेल्या परत बदलाव्या लागतात.

सुपरग्लूने काचा चिकटवणं

याबद्दल कितीही सांगा, पुढच्या आठवड्यात कोणीतरी पांढरट धुरकट काचा घेऊन येतोच. आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर, अरे पण मी अगदी थोडाच लावला होता. थोडा लावला तरी होतं! सुपरग्लू सुकताना त्याची वाफ निघते, ती हवेतल्या ओलाव्याशी मिळून आसपासच्या पृष्ठभागावर पांढऱ्या थराने बसते. केबिन म्हणजे बंद डबा, वाफेला जायला जागा नाही, मग ती जाऊन बसते काचेवर. नीट बघितलं तर काचेवर ज्या जागी बोट लागलं होतं तिथे बोटाचा ठसा पांढरा उमटलेला दिसतो, कारण घामाचा ओलावा तिथे जास्त. आणि हे लगेच दिसत नाही, रात्री काम संपवून झोपावं आणि सकाळी बघावं तर काच दुधासारखी.

यावर माझा ठाम नियम आहे, केबिनच्या आत सुपरग्लूचं जे काय काम असेल ते काचा लावायच्या आधी संपवायचं, सीट, स्टिअरिंग, डॅश, सगळं. मग बॉडी रात्रभर उघडी ठेवायची. काचा सगळ्यात शेवटी, आणि त्या पांढऱ्या पीव्हीए गोंदाने, जो सुकल्यावर पारदर्शक होतो. पकड कमी असते, मान्य, पण काचेला पकड किती लागते? गाडी उलटल्यावर काच निघून आली तर परत लावता येते, घट्ट चिकटलेली काच खांबाला घेऊन तुटते. चिखलपाण्यात चालवणार असाल तर पीव्हीए नको, तो पाण्याने मऊ पडतो, त्याऐवजी आतून चार कोपऱ्यांत बारीक स्क्रूची पट्टी करा. धुरकट झालेली काच थोडी असेल तर टूथपेस्ट किंवा पॉलिशिंग कंपाउंड मऊ कापडावर घेऊन घासली की बरीच सुधारते. जास्त असेल तर नवीन कापा, त्या काचेवर संध्याकाळ घालवू नका.

ग्लूचं बोलतोय तर हेही, स्टायरीनचा सॉल्व्हंट ग्लू स्टायरीनला वितळवून जोडतो, एबीएसलाही बऱ्यापैकी धरतो, पण नायलॉन आणि डेलरिनवर काहीच करत नाही. चॅसीचे बरेचसे प्लास्टिक भाग याच दोन मटेरिअलचे असतात. तिथे काही लावायचं असेल तर भोक पाडा आणि स्क्रू मारा, चिकटवण्याचा नाद सोडा.

आणि थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचं द्रव) फक्त धातूत धातू जातो तिथेच. एबीएस किंवा लेक्सनला लागला तर प्लास्टिक स्क्रूभोवती तडकतं.

रंगाची घाई

लेक्सन बॉडी आतून रंगवतात, बाहेरून नाही. त्यामुळे क्रमही उलटा, बारीक पट्टे आणि गडद रंग आधी, मुख्य रंग नंतर, शेवटी आतून एक बॅकिंग कोट. त्यासाठी पॉलीकार्बोनेटचाच स्प्रे लागतो, दुसरा कुठलाही मारला तर पहिल्या धडकेला पापुद्रे सुटतात. रंगवायच्या आधी भांड्याच्या साबणाने आतून धुवा. बाहेरची पारदर्शक फिल्म सगळ्यात शेवटी काढा. एवढंच.

हार्ड बॉडीवर वेगळीच घाई दिसते. एकाच दिवसात प्रायमर, रंग, मास्किंग, दुसरा रंग, आणि रात्री फोटो. मग टेप काढताना खालचा रंग टेपसोबत येतो. नाकाजवळ नेऊन वास घ्या, रंगाला वास येतोय तोवर तो सुकलेला नाही, बोटाला कोरडा लागला तरी. मला स्वतःला हेअर ड्रायरने रंग सुकवणं अजिबात पटत नाही, वरची साय धरते आणि आतला रंग ओलाच राहतो. ज्याला दोन दिवस थांबायचं नाही त्याने तयार रंगवलेली बॉडी घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही.

गंज दाखवायचा तर आधी खरी जुनी गाडी दहा मिनिटं उभं राहून बघा. गंज दारांच्या खालच्या कडेला येतो, चाकावरच्या कमानीला, जोडाच्या फटीत, जिथे पाणी आणि चिखल साचतो तिथे. टपाच्या मधोमध नारिंगी डाग फासले की तो गंज वाटत नाही. जुना गंज गडद तपकिरी असतो, नारिंगी रंग अगदी थोडा आणि ताज्या जागीच. रंग उडालेला दाखवायला खाली तपकिरी, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर पाण्यातला ॲक्रिलिक, मग ओल्या ब्रशने कडा घासायच्या. वरचा रंग पाण्यातलाच हवा, थिनरचा रंग पाण्याने निघत नाही आणि लोक घासत बसतात.

मापं न घेणं

गाडी १/१० आणि तिच्यावरचं सामान अंदाजपंचे, असं झालं की कितीही सफाई असली तरी डोळा फसत नाही. २० लिटरचा जेरीकॅन साधारण ४७ सेंमी उंच, ३५ रुंद, साडेसोळा जाड असतो, म्हणजे तुमचा ४७ बाय ३५ बाय साडेसोळा मिमी. ४८ इंची हायलिफ्ट जॅक म्हणजे १२ सेंमी. १० मिमीचा विंच रोप (अडकलेली गाडी ओढायच्या यंत्राची दोरी) म्हणजे १ मिमी दोरी, आणि लोक बुटाची लेस गुंडाळतात.

नटबोल्ट तर बघायलाच नको. बंपरवर शोभेला एम ३ चे नट लावलेले असतात, त्या नटाचं माप ५.५ मिमी, म्हणजे खऱ्या गाडीवर ५५ मिमीचा पाना लागेल. षटकोनी स्टायरीन रॉड मिळतो दीड-दोन मिमीचा, त्याचे ब्लेडने पातळ काप घ्या आणि चिकटवा. एका बंपरला वीस-पंचवीस काप लागतात, कंटाळवाणं काम आहे, पण प्रायमर मारल्यावर बंपर खऱ्या बोल्टने कसल्यासारखा दिसतो आणि हाताने बनवायचा आनंद मला तरी इथेच मिळतो. कापडाचंही तसंच, जाड कापडाची ताडपत्री पुठ्ठ्यासारखी उभी राहते, जुना धुऊन विरलेला रुमाल घ्या, पातळ पीव्हीएत भिजवून घड्या घाला आणि जागेवरच सुकू द्या.

दिवे

प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर. चार एलईडी समांतर जोडून एकच रेझिस्टर लावला तर एक जास्त पेटतो, एक मंद, आणि जास्त पेटणारा आधी जातो. ६ व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला, तो स्वतः ३ च्या आसपास घेतो, २० मिलिॲम्पसाठी १५० ओहम लागतात. मी ३३० लावतो, कधी ४७०, कारण छोट्या गाडीवर पूर्ण उजेडाचा दिवा टॉर्चसारखा वाटतो. लालला व्होल्टेज कमी लागतं, २ च्या आसपास, म्हणून रेझिस्टर मोठा.

दिवे थेट लायपो बॅटरीच्या बॅलन्स लीडवरून (सेल समान चार्ज करायच्या बारीक वायरी) घेऊ नका. ईएससीचा कटऑफ फक्त मोटरला थांबवतो, दिवे विसरून राहिले तर ते सेल ३ व्होल्टच्या खाली नेतात आणि पॅक गेला. विंचसुद्धा रिसीव्हरच्या लाइनवर नको, सर्वो आणि विंच एकदम अडले की बीईसी (ईएससीतला, रिसीव्हर आणि सर्वोला वीज देणारा भाग) बसतो आणि गाडी मध्येच मेल्यासारखी थांबते, मग लोक रिमोटला दोष देतात. बॉडी आणि चॅसीच्या मध्ये एक कनेक्टर ठेवा, बॉडी उचलताना वायरी उपटण्याचे प्रकार त्याने थांबतात.

तुटणाऱ्या वस्तू पक्क्या बसवणं

आरसे, एरिअल, स्नॉर्कल (इंजिनाला हवा घेणारी उंच नळी), हे तुटणारच. त्यांना जितकं घट्ट चिकटवाल तितका बॉडीचा तुकडा सोबत येईल. आरशाचा दांडा छोट्या सिलिकॉन नळीच्या तुकड्यात बसवा, फांदीला लागला की वाकतो आणि परत सरळ होतो. स्नॉर्कल आतून दोन बारीक स्क्रूने धरा, ग्लू नको. आरशाची एक जादा जोडी त्याच वेळी बनवून ठेवा, साचा आणि रंग तेव्हा हाताशी असतो, नंतर तोच रंग जुळवणं अवघड जातं.