ओव्हन नसला तरी जमणारा साधा, स्वस्त कॅसरोल

कॅसरोल, म्हणजे शिजलेलं सामान सॉसमधे घालून एकाच भांड्यात भाजलेला पदार्थ (पोळ्या गरम ठेवायचा डबा नव्हे), म्हटलं की डोळ्यासमोर येतं भरपूर चीज, काचेची महागडी डिश आणि मोठा ओव्हन, आणि नवीन शिकणारा माणूस तिथेच थांबतो. पण आपल्या बडोद्यात बहुतेक घरांत हांडव्याचा कुकर (डाळ-तांदळाचा खारा गुजराती केक, म्हणजे हांडवा, गॅसवर भाजायचं मधे नळी असलेलं भांडं) असतो, म्हणजे भांडं आधीपासूनच घरात आहे, आणि बाकी सामान तर दूध, मैदा, बटाटा, कोबी, शिळे पाव असलंच लागतं. फतेहगंजला पीजीत राहणारी मुलं, नवीनच घर मांडलेली जोडपी, सगळ्यांना मी हेच सांगते की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करायचा पदार्थ आहे हा, पाहुणे यायची वाट बघू नका.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कॅसरोलमधे जे काय घालाल ते आधीच शिजलेलं किंवा जवळजवळ शिजलेलं पाहिजे, ओव्हनमधे फक्त सगळं एकमेकाला धरून बसतं, चव मुरते आणि वरून खरपूस होतं. हे एकदा कळलं की रेसिपी पाठ करावी लागत नाही, कारण कुठलाही कॅसरोल चारच गोष्टींचा असतो: पोट भरणारं काहीतरी (मॅकरोनी, भात, बटाटा, पाव), एखादी भाजी नाहीतर कडधान्य, त्याला बांधून ठेवणारा दाट सॉस आणि वरचा कुरकुरीत थर. यातलं प्रत्येक घरात जे असेल त्याने बदलता येतं. बिघडतो तो जवळजवळ नेहमी पाण्यामुळे, भाजी नीट निथळली नाही किंवा सॉस पातळ राहिला की ताटात चमचाभर पाणी सुटतं आणि मजा जाते.

भाजीचं म्हणाल तर हंगाम बघून घ्या, एवढ्यानेच निम्मी काटकसर होते. डिसेंबर-जानेवारीत खंडेराव मार्केटला फ्लॉवर, गाजर, मटार, तुरीचे लीलवे (ओले दाणे) ढिगाने असतात तेव्हा ते घालायचे, उन्हाळ्यात कोबी आणि दुधी. फक्त दुधी किसून मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचा आणि घट्ट पिळायचा, ते पाणी फेकू नका, त्यात थेपल्याची नाहीतर मुठियाची कणीक मळा, छान लागते (मीठ मात्र हात राखून घाला, पाण्यात आधीच आहे).

आता व्हाइट सॉस. हा एकदा हाताला बसला की निम्मं शिकलात, म्हणून इथे जरा सावकाश सांगते. ५०० मिली दुधाची एक पिशवी, साधं टोन्ड दूध चालतं. २ टेबलस्पून बटर, नसेल तर तेवढंच तेल किंवा निम्मं-निम्मं, आणि ३ टेबलस्पून मैदा. जाड बुडाच्या तपेलीत बटर मंद गॅसवर वितळवा, मैदा घाला आणि दीड-दोन मिनिटं परता, कच्चा वास जाऊन बिस्किटासारखा वास यायला लागला पाहिजे पण रंग बदलायच्या आत पुढे जायचं. आता दूध, आणि इथेच सगळे घाई करतात. माझी भाची सगळी पिशवी एकदम ओतायला निघाली होती, मी हात धरला. पहिल्यांदा फक्त पाव कप दूध घाला आणि जोरात हलवा, तो गोळा घट्ट होतो, बघून वाटतं बिघडलं, तसं काही नाही, अजून पाव कप घाला, परत हलवा, गोळ्याची पेस्ट होते, मग उरलेलं दूध बारीक धारेने. असं का, तर मैद्याचा प्रत्येक कण आधी तुपकट झालेला असतो त्यामुळे ते कण एकमेकाला चिकटत नाहीत, पण दूध एकदम पडलं तर हलवून मोडायच्या आधीच गोळ्या शिजून घट्ट होतात. सगळं दूध गेलं की भाची म्हणाली, "मावशी, हे तर पातळच आहे गं," आणि ते असणारच, कारण मैदा दाट व्हायला उकळी लागते. सतत हलवत उकळी येऊ द्या, मग मंद करून २-३ मिनिटं अजून, चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती रेघ तशीच राहिली की झाला. मीठ, मिरपूड, आणि पुरणपोळीसाठी आणलेलं जायफळ असेल तर चिमूटभर किसून. चव घेताना सॉस किंचित खारटच लागला पाहिजे कारण मॅकरोनी आणि भाजी अळणी असतात.

तरीही गोळ्या राहिल्या तर गाळून घ्या, झालं.

पहिला कॅसरोल मॅकरोनीचा करा, चार माणसांना पुरतो. १५० ग्रॅम मॅकरोनी भरपूर पाण्यात थोडं मीठ घालून उकळा पण पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा २ मिनिटं आधी काढा, ती पुढे सॉसमधे अजून शिजते, आधीच पूर्ण शिजवली तर लगदा होतो. दोनेक कप भाजी बारीक चिरून अर्धवट वाफवा, चाळणीत निथळत ठेवा आणि मग फडक्यावर पसरून कोरडी करा, हे फडक्याचं काम कंटाळवाणं आहे पण वगळू नका. एक कांदा थोड्या तेलात गुलाबी परता, त्याशिवाय सगळं फार मिळमिळीत लागतं, हिरवी मिरची आणि लसूण आपल्या तोंडाला आवडेल तेवढं. सगळं सॉसमधे मिसळा, मिश्रण चमच्यावरून हळू घसरत पडलं पाहिजे, फारच घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध, कारण भाजताना मॅकरोनी थोडा ओलावा ओढून घेते.

वरच्या थरासाठी दोन शिळे पाव हाताने चुरून एक चमचा तेलात घोळवा आणि त्यात चीजचा एकच क्यूब किसून घाला. चीज आत मिसळलं तर कुठे गेलं कळतही नाही, तेच वर असलं की प्रत्येक घासाला जिभेला लागतं, म्हणून कमी चीजमधे काम भागवायचं तर ते वरच ठेवा.

ओव्हन किंवा ओटीजी (ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन) असेल तर १८० डिग्रीला १० मिनिटं आधी तापवा, मग २५-३० मिनिटं भाजा. घड्याळापेक्षा कडेला बघा, कडेने बुडबुडे यायला लागले आणि वर सोनेरी झालं की काढा, आणि लगेच कापू नका, १० मिनिटं तसंच राहू द्या म्हणजे सॉस बसतो. काचेची डिश वापरत असाल तर ती थेट गॅसवर कधीच ठेवायची नाही आणि फ्रिजमधून काढून सरळ तापलेल्या ओव्हनमधेही नाही, एकदम तापली की तडकते.

आणि हांडव्याच्या कुकरमधे कसं करायचं ते. खालच्या थाळीत चाळून धुऊन वाळवलेली वाळू पसरा, ती उष्णता सगळीकडे सारखी पोचवते म्हणून बूड करपत नाही. वाळूची थाळी मध्यम गॅसवर ८-१० मिनिटं तापवा. भांड्याला तेलाचा हात सढळ लावा, मधल्या नळीलासुद्धा, तिथेच चिकटतं, आणि तेलावर पावाचा चुरा भुरभुरवा. मिश्रण पाऊण भांड्यापर्यंतच भरा, झाकण लावा, गॅस बारीक करा आणि ३०-३५ मिनिटं. ओव्हनसारखा रंग वरून येत नाही, म्हणून पावाचा चुरा आधी तव्यावर खरपूस भाजून घ्या आणि चीज घालून शेवटची ५ मिनिटंच वर पसरा. मला स्वतःला कुकरमधलाच जास्त आवडतो कारण खालची कड जी कुरकुरीत होते ती ओव्हनमधे मिळत नाही. हांडव्याचा कुकर नसेल तर जाड कढईत वाटीभर मीठ पसरा, त्यावर रिंग ठेवा, झाकून १० मिनिटं तापवा आणि आत केकचा अॅल्युमिनियमचा डबा ठेवा, ते मीठ मग याच कामाला डब्यात भरून ठेवायचं.

दूध महाग वाटलं किंवा संपलं असेल तर दही-बेसनाचा सॉस करा. एक कप दही, २ टेबलस्पून बेसन, दीड कप पाणी, हळद, आलं-मिरची, सगळं गॅसवर ठेवायच्या आधीच एकजीव घुसळायचं आणि सतत हलवत दाट होईपर्यंत शिजवायचं. बेसनामुळे दही फाटत नाही, कढीत आपण तेच करतो, फक्त इथे कढीपेक्षा बराच दाट पाहिजे.

या सॉसबरोबर आपली सेव-उसळ काय सुंदर बसते! पांढरे वाटाणे रात्री भिजवून कुकरला शिजवा, एक वाटी सुक्याचे शिजून दोन-अडीच वाट्या होतात म्हणजे चार जणांना भरपूर. उसळ नेहमीसारखी करा पण तिची तर्री, म्हणजे वरचा पातळ रस्सा, वेगळी काढून ठेवा, आत दाट उसळच गेली पाहिजे. भांड्यात खाली तव्यावर भाजलेले पावाचे तुकडे, त्यावर उसळ, त्यावर दही-बेसन, वर उभा चिरलेला कांदा, आणि २० मिनिटं भाजा, सगळं आधीच शिजलेलं आहे त्यामुळे एवढी पुरतात. सेव ताटात वाढल्यावरच वरून घाला, आधी घातली तर ओव्हनमधे करपते आणि कुकरमधे वाफेने मऊ पडते. बाजूला तर्री गरम करून वाटीत द्या, लिंबू पिळा.

बटाट्याचा करणार असाल तर एक लक्षात ठेवा, आंबट गोष्टीत बटाटा लवकर शिजत नाही. कच्चे काप टोमॅटोत किंवा दह्यात घातले तर तासभर भाजूनही मधे टचटचीत राहतात, आणि गॅस वाया जातो तो वेगळाच. म्हणून बटाटे आधी कुकरला एक शिट्टी देऊन मग काप करा, आणि व्हाइट सॉस घालणार असाल तरी हेच करा, निम्म्याहून कमी वेळात होतो.

उरलेल्या भाताचा कॅसरोल तर फारच सोपा, खाली भात, मधे उरलेली कोणतीही दाट भाजी किंवा छोले, वर सॉस. पण भात उरणार असं दिसलं की तो पसरट ताटात गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमधे गेला पाहिजे, आपल्याकडच्या मे महिन्यात तर एका तासात. शिजलेल्या भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही, त्यामुळे रात्रभर ओट्यावर राहिलेला भात कितीही चांगला दिसला तरी यात घालू नका.

केलेला कॅसरोल झाकून फ्रिजमधे दोन दिवस राहतो. दुसऱ्या दिवशी गरम करताना वर दोन चमचे दूध शिंपडा, झाकण ठेवून तव्यावर मंद गॅसवर अगदी आतपर्यंत गरम करा, मग झाकण काढून दोन मिनिटं, म्हणजे वरची वाफ उडते. डब्यात न्यायचा असेल तर गार असतानाच चौकोनी वड्या पाडा आणि त्या तव्यावर दोन्हीकडून शेकून घ्या, सुटत नाहीत आणि चमच्याशिवाय खाता येतात.