टाचणवहीतली सायकल

तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेरीत, दोनशे तिसाव्या किलोमीटरला मी एका ढाब्याच्या खाटेवर दहा मिनिटं पाठ टेकली आणि डोळे उघडले तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. मुदत रात्री एकलाच संपलेली. नवरा गाडी घेऊन आला, सायकल मागे टाकली आणि घरापर्यंत एवढंच बोलला, "गॅदरिंगच्या आठवड्यात कोण जातं?"

त्याचं बरोबर होतं. सराव माझा पुरेसा होता. पण त्याआधीचे पाच दिवस मी रात्री आठपर्यंत नाच बसवत, पोरींच्या वेण्या घालत, मंडपवाल्याशी वाद घालत उभी होते. झोप रोजची पाच तास. सायकलच्या वहीत मात्र त्या आठवड्यासमोर मी 'विश्रांती' असं लिहून ठेवलं होतं!

मी आठवी ते दहावीला गणित शिकवते. वय 44. घर अमळनेरात, शाळा पारोळा रस्त्यावरच्या एका गावात, घरापासून 16 किलोमीटर. ओळखीचे शिक्षक विचारतात, नोकरी सांभाळून हे जमवायचं कसं? त्यांना तोंडी जे सांगते ते इथे लिहिते आहे. पळणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

ब्रेव्हे माहीत नसेल त्यांच्यासाठी: ही शर्यत नसते. नेमून दिलेलं अंतर नेमून दिलेल्या वेळेत पुरं करायचं, वाटेत ठरल्या ठिकाणी नोंद करायची. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. पहिला आला काय न् शेवटचा आला काय, नोंद सारखीच. नोव्हेंबर ते ऑक्टोबर अशा एका मोसमात ही चारही अंतरं केली की 'सुपर रँडोनर' म्हणतात. 2015 साली नाशिकच्या डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघाने अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पुरी केली. दवाखाना सांभाळून दोघं हे करतात हे वाचून मी सायकल घेतली. दवाखान्यात बसायला खुर्ची असते, हे तेव्हा सुचलं नाही.

पहिलं काम: इंटरनेटवरची बारा आठवड्यांची तयार योजना बाजूला ठेवा आणि शाळेचं वार्षिक नियोजन समोर घ्या. घटक चाचणी, प्रथम सत्र, गॅदरिंग, दहावीच्या सराव परीक्षा, बोर्ड, बोर्डाच्या उत्तरपत्रिका, असे सगळे आठवडे लाल पेनने गोल करा. आम्हा खान्देशातल्या बायांना आणखी दोन गोल लागतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, त्या दिवशी नैवेद्याच्या रोटांचं सोडून दुसरं काही होत नाही. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा माहेरी येतात, तेव्हा सायकलचं नावसुद्धा काढायचं नाही. लाल गोल सोडून जे उरलं, तेवढाच आपला मोसम. माझा दिवाळीच्या सुट्टीपासून मकरसंक्रांतीपर्यंत चालतो, मधला गॅदरिंगचा आठवडा वगळून. हवाही तेव्हाच धड असते. बोर्डाचे पेपर तपासता तपासता मार्चमध्ये 400 करणारे सर मी पाहिलेत. दोन्ही कामं कशी झाली ते विचारू नका.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं, आणि ते मला कुणी शिकवलं नाही. शाळेचा थकवा सायकलच्याच वहीत मांडायचा.

मी त्यासाठी एक जुनी टाचणवही, म्हणजे शिक्षकांची पाठाचं टाचण लिहायची वही, घेतली. उभ्याने घेतलेल्या प्रत्येक तासाला एक खूण. तास पस्तीस मिनिटांचा, रोजचे सहा, शनिवारी चार, म्हणजे आठवड्याच्या 34 खुणा शिकवण्याच्याच झाल्या. बदली तास आला तर तोही धरायचा. उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा म्हणजे तीन खुणा. सायकल सावकाश चालवली तर तासाला चार. शाळेपर्यंत एका बाजूला पाऊण तासाच्या वर लागतो, त्याच्या तीन. तेवढंच अंतर दम लागेल असं चालवलं तर सहा. हे शास्त्र नाही, माझ्या पायांचा हिशोब आहे. तुमचे आकडे वेगळे निघतील. तीन-चार महिने लिहिल्यावर मला कळलं, की आठवड्याला 75 च्या पुढे गेले की दुसऱ्या आठवड्यात घसा बसतो, नाहीतर गुडघा बोलतो.

साधा आठवडा असा: शिकवण्याच्या 34, बुधवारी सायकलने जाऊन-येऊन सहा, शुक्रवारी जाताना तीन, येताना जोरात म्हणून सहा, रविवारी पाच तासांच्या वीस. झाल्या 69. आता याच आठवड्यात चाचणीचे पाच गठ्ठे आले की पंधरा वाढतात, बेरीज 84. मग रविवार पाच तासांचा दोन तासांवर आणायचा, बारा उतरल्या, 72. इथे मन मोडतं. मंगळवारी रात्री गठ्ठा मांडीवर घेऊन बसलं की वाटतं, ही काय मेहनत झाली? बसूनच तर आहोत. पण झोप त्यातच जाते.

उभं राहण्याला हलकं समजू नका. एका जागी उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, पोटऱ्या ताठतात. फळ्यापाशी खिळून राहण्यापेक्षा बाकांमधून फिरत शिकवलं तर पाय मोकळे राहतात, मागच्या बाकावरचे उद्योगही दिसतात. मी एकदा सकाळी 40 किलोमीटर करून, एका कपभर चहावर, सलग चार तास घेतले. पाचव्या तासाला त्रिकोणाची समरूपता चालू असताना फळा हळूहळू तिरका झाला. नववीतली एक मुलगी खुर्ची घेऊन धावली. त्यानंतर तपासणी केली तेव्हा हिमोग्लोबिन 9.8 निघालं. बायकांना माझं हात जोडून सांगणं आहे: सायकलवर पैसे घालण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्या, आणि गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

सरावाला वेगळा वेळ मिळत नाही, तो जाण्यायेण्यातून काढावा लागतो. आपल्याकडे निम्मे शिक्षक अपडाऊन करतातच. मीही बारा वर्षं एसटीने आणि मग स्कूटीने केलं. आता आठवड्यातून दोनच दिवस सायकलने जाते, रोज नाही. सोमवारी रविवारचा शीण असतो. मंगळवारी अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात येणाऱ्यांच्या गाड्या पारोळ्याकडून येत असतात. म्हणून बुधवार आणि शुक्रवार. घरून नऊला निघते, दहाच्या आत शाळेत. जाताना कटाक्षाने सावकाश, शेजारच्याशी बोलता येईल इतपत. जोर काढायचा तो येताना. शुक्रवारी परतताना चार मिनिटं जोरात, चार मिनिटं सावकाश, असं चारदा करते. जाताना जोर केला तर पहिल्या तासाला वर्गमुळाऐवजी घन होतो.

कपड्यांचा प्रश्न सगळ्या बायका विचारतात. 2024 च्या मार्चमध्ये शिक्षकांच्या पेहरावाबद्दल शासनाचं पत्रक आल्यापासून पुरुषही विचारू लागलेत. सोमवारी स्कूटीने जाताना दोन साड्या आणि बाकीचं सामान स्टाफरूमच्या कपाटात नेऊन ठेवायचं, शनिवारी परत आणायचं. सायकलवर फक्त ओला नॅपकिन आणि डबा. आंघोळीची सोय नाही, ओल्या नॅपकिनवर भागतं. शाळेत पोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली नुसतं बसायचं, घाम आटल्याशिवाय साडी नेसायची नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट उघड बोललं पाहिजे. शाळेतल्या बाया पाणी पीत नाहीत. स्वच्छतागृह लांब असतं, कुलूपबंद असतं, नाहीतर जाण्यासारखं नसतं. मग सकाळी दोन घोट घेतले की थेट घरी. वर्षानुवर्षं हे चालतं आणि सगळ्याजणी डोकेदुखीची गोळी पर्समध्ये बाळगतात. असं करून सायकल चालवता येणार नाही. मी आधी मुख्याध्यापकांच्या मागे लागून कुलपाची एक चावी स्टाफरूमच्या खिळ्यावर आणली. माझ्या सगळ्या सरावाला त्या चावीइतका उपयोग कशाचा झाला नसेल. आता मधल्या सुट्टीपर्यंत एक बाटली, शाळा सुटेपर्यंत दुसरी. उन्हाळ्यात लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू.

खाण्यासाठी आपल्याला बाहेर बघायची गरजच नाही. लांबच्या सायकलीला दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात पंचवीस-सत्तावीस ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन केळी. रावेर-यावलच्या केळीपट्ट्याशेजारी राहून विकतची जेल चोखणाऱ्यांचं मला हसू येतं. सहा तासांनंतर मात्र केळं नको वाटतं, तेव्हा गूळ-शेंगदाणे किंवा मीठ लावलेला उकडलेला बटाटा. डब्यात कळण्याची भाकरी आणि मुगाची उसळ. शाळा सुटल्यावर निघण्याआधी एक केळं खायचंच, घरी जाऊन जेवू म्हणून थांबायचं नाही. आदल्या रात्री शेवभाजी नको. हे अनुभवाने सांगते, तपशील विचारू नका.

आता ऊन-वारा. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते आणि सरावाचे बारा वाजतात. शाळेआधी वेळ नाही, शाळेनंतर ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो. मी तेव्हा आठवड्यातून दोनदा पहाटे साडेचारला तासभर जाते आणि बाकी सोडून देते. अंगाला ऊन मानवायला दहा ते चौदा दिवस लागतात, पण मे महिन्यात ब्रेव्हेच नसेल तर ते मानवून घ्यायचं कशाला? शाळा उघडली की वारा सुटतो. जून-जुलैत धुळ्याकडे तोंड करून सायकल चालवलीत तर छातीवर हात ठेवून कुणी मागे ढकलतंय असं वाटेल. साक्रीकडे पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तेव्हा जाताना वाऱ्याच्या तोंडी, येताना वारा पाठीशी, असाच रस्ता धरायचा. उलट केलं तर परतताना रडू येतं. चढाचा सराव म्हणून मी दिवाळीच्या सुट्टीत दोनदा धुळ्याच्या पुढे लळिंगचा घाट चढून येते, जाऊन-येऊन शंभरीच्या आसपास होतं. कपाशीच्या दिवसांत संध्याकाळी मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर फार, म्हणून मागे दोन दिवे आणि चकाकणारं जाकीट. ब्रेव्हेतही तसं जाकीट, हेल्मेट आणि पुढे-मागे दिवे लागतातच.

नाव नोंदवण्याआधी ब्रेव्हे कुठल्या वारी सुटते ते बघा. शनिवारी सकाळी सहाला सुटलेली 300 रविवारी पहाटे दोनला संपते, झोपायला अख्खा रविवार मिळतो. तीच रविवारी सुटली तर सोमवारी पहिल्या तासाला तुम्ही वर्गात नुसत्या देहाने असाल. 400 शनिवारी सहाला सुटून रविवारी नऊला संपते, एका किरकोळ रजेत बसते. 600 ला शनिवार-सोमवार दोन्ही रजा टाका. रजा मोजक्या असतात आणि घरात आजारपण विचारून येत नाही, म्हणून मी वर्षाला चारच रजा सायकलच्या खात्यात टाकते. रजेच्या अर्जात खरं कारण लिहिते. पहिल्यांदा मुख्याध्यापक हसले, आता तेच विचारतात, "मॅडम, यंदा किती?" सोमवारचे पहिले दोन तास मी आधीच एका सरांशी बदलून घेते आणि त्याच आठवड्यात त्यांचे दोन बदली तास घेऊन फेडते. उधारी महिनाभर ठेवली तर पुढच्या वेळी कुणी तास देत नाही.

घरचं प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यावर फार सांगत नाही. आमच्याकडे शुक्रवारचे डबे नवरा करतो, भाकऱ्या जाड होतात, कुणी तक्रार करत नाही. सासूबाई पहिलं वर्षभर दारात उभ्या राहून विचारायच्या, "इतला सकायमा कोठे जाई राहिनी वं?" आता आदल्या रात्री केळी धुऊन ठेवतात. विचारतात मात्र अजून.

शेवटचं काट्यांचं. पावसाळ्यानंतर आपल्या रस्त्यांच्या कडेला सराटे पसरतात, बांधाकडेला बाभळी असतातच. दोन ट्यूब, पंप आणि टायर काढायचे पट्टे नेहमी सोबत हवेत, आणि पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे. शिकायचं असेल तर शाळेतच शिका. मला शाळेच्या शिपाईमामांनी शिकवलं, हातपाय धुवायच्या टाकीवर ट्यूब बुडवून बुडबुडे दाखवत. पाचवीची पोरं भोवती गोळा झाली होती आणि घंटा सात मिनिटं उशिरा झाली. तेव्हा मामांना मधल्या सुट्टीतच गाठा.