थरारकथेतलं खोटं कुठे फसतं? या चुका टाळा

थरारकथेत खून नसला तरी एक वेळ चालतं, पण कोणीतरी कोणाशीतरी खोटं बोलत असावंच लागतं. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांपासून आजच्या ऑडिओ मालिकांपर्यंत यात फरक पडलेला नाही. उलट गेल्या दहा-पंधरा वर्षांत खोटं हाच अनेक कथांचा विषय होऊन बसला आहे. नवरा बायकोशी खोटं बोलतो, बायको स्वतःच्या डायरीत खोटं लिहिते, निवेदक वाचकाला फसवतो. हे लोकांना का आवडतं, ते उघड आहे. बंदूक फार थोड्यांनी हातात धरलेली असते. पण घरातच चप्पल शोधत असताना फोनवर ‘निघालोय, सात रस्त्यापर्यंत आलो’ असं कोणी सांगितलेलं नसतं? खोटं बोलल्यावर पोटात काय होतं, ते वाचकाला नव्याने शिकवावं लागत नाही.

त्यामुळेच या बाबतीत वाचकाला गंडवणं अवघड जातं. सोलापूरच्या नव्या लेखकांच्या कथा वाचायला येतात, त्यांत प्लॉट बहुतेक वेळा ठीक असतो. बिघाड असतो खोट्यात. पात्राकडून एकदा खोटं वदवून घ्यायचं आणि मग शेवटच्या प्रकरणापर्यंत ते विसरून जायचं, हा त्यातला सगळ्यात मोठा दोष. खरं तर खोट्याला घरातल्या म्हशीसारखं रोज वैरण-पाणी करावं लागतं. ते कष्ट कथेत दिसले नाहीत, तर बाकीच्या दुरुस्त्यांनी फार काही साधत नाही.

घाम आणि चुकवलेली नजर

‘त्याने नजर चुकवली. कपाळावर घामाचे थेंब जमले.’ हे वाक्य सरळ खोडा. माणसाला खोटं कितपत ओळखता येतं, या विषयावरच्या दोनशेहून अधिक शोधनिबंधांचे निष्कर्ष चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ साली एकत्र मांडले. अचूकतेचं प्रमाण सुमारे ५४ टक्के निघालं, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरं. डोळ्यांत बघून खोटं ओळखणारा फौजदार हा वास्तवापेक्षा लेखकाच्या सोयीचा माणूस असतो. त्याचा वापर करायचाच असेल तर उलटा करा. फौजदाराला स्वतःच्या नजरेवर फाजील विश्वास असू द्या, आणि घाम फुटलेल्या निरपराध माणसाला तो आत टाकू द्या. मे महिन्यातल्या सोलापुरात घाम कोणाला फुटत नाही?

तपासताच न येणारं खोटं

‘त्या रात्री मी गड्ड्यावर होतो, दारूकाम बघत होतो.’ सोलापूरच्या कथांमधल्या संशयितांचं हे फार लाडकं वाक्य आहे. गड्डा म्हणजे सिद्धेश्वर यात्रा, आणि तिथल्या गर्दीत हा माणूस होता, हे कोणी सिद्ध करू शकत नाही, आणि नव्हता हेही नाही. लेखकाला वाटतं आपण पक्की सबब दिली. प्रत्यक्षात त्याने दार बंद करून टाकलेलं असतं, कारण जे तपासता येत नाही ते मोडताही येत नाही, आणि मोडण्याची भीती नसेल तर पान उलटायचं कशासाठी? गड्डाच हवा असेल तर निदान चुकीला जागा ठेवा. काल रात्री अक्षता सोहळा पाहिला, असं एखादा बाहेरगावचा माणूस सांगेल. अक्षता दिवसा पडतात आणि दारूकाम रात्री होतं, हे सोलापूरच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

पण गड्ड्यापेक्षा नळ कितीतरी कामाचा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. मध्ये काही दिवस जातात, ते भागाभागाने सोडतात, आणि कधीकधी रात्री-अपरात्रीही येतं. आता समजा, अशोक चौकाजवळ राहणारी एक बाई पोलिसांना सांगते, ‘मंगळवारी रात्री पाणी आलतं, मी दोनपर्यंत भरत बसले.’ हे खोटं इतकं साधं आहे की हवालदार ते लिहून घेतो आणि पुढे जातो. पाणी खरं तर सोमवारीच येऊन गेलंय. बाईने प्रसंग खराच सांगितला, फक्त एक दिवस पुढे सरकवला. चांगलं खोटं बहुतेक असंच बनतं.

इथून पुढे लेखकाचं खरं काम सुरू होतं. बुधवारी तिचं पिंप अर्धं रिकामं आहे, पण शेजारणीकडे कळशीभर पाणी मागायची सोय राहिलेली नाही. धुणं तुंबतं. मग शेजारचं पोरगं दारात येऊन सहज म्हणतं, ‘काकू, काल कुठं आलतं पाणी? परवा आलतं की.’ ती सांगते, ‘मोटार लावल्यावर आलं थोडंसं.’ आणि तिच्याकडे मोटार नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. एवढ्या चार-पाच वाक्यांत पाठलाग, पिस्तूल, अंधारी गोदी यांपैकी काहीही नसताना वाचकाचा श्वास अडकतो. पोरगं ही गोष्ट घरी सांगेल का? प्रकरण इथे तोडा.

फोनचंही हेच. सीडीआर, म्हणजे फोन कंपनीकडची कॉलची नोंद, म्हटलं की नवे लेखक घाबरतात. टॉवरच्या नोंदीवरून फोन साधारण कोणत्या भागात होता ते कळतं, तो कोणाच्या खिशात होता ते कळत नाही. फोन घरी चार्जिंगला ठेवून बाहेर पडणारा संशयित आता जुना झाला. त्यापेक्षा चहाचे दहा रुपये यूपीआयने देऊन बसलेला बरा, कारण त्यावर वेळ मिनिटासकट छापून येते.

वाचकाशी खोटं

इथे सगळ्यात जास्त कथा फसतात. ‘मी’ने सांगितलेली कथा, आणि शेवटी कळतं की ‘मी’च खुनी. मागे जाऊन बघावं तर तिसऱ्या प्रकरणात ‘मी’ म्हणतो, ‘मी रात्रभर झोपून होतो.’ याला फसवणूक म्हणतात आणि वाचक ती माफ करत नाही.

अगाथा ख्रिस्ती यांनी ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’मध्ये १९२६ सालीच यातून वाट काढली होती. (ती कादंबरी वाचायची असेल तर पुढचा परिच्छेद सोडा. शंभर वर्षांनीही कोणाची मजा घालवायची इच्छा नाही.)

त्यातला निवेदक घटनेच्या रात्रीबद्दल उघड खोटं असं लिहित नाही. तो मधली दहा मिनिटं गाळतो आणि वाक्य असं जोडतो की फट दिसू नये. आपल्याकडे हे तंत्र त्याहून कितीतरी जुनं आहे. द्रोणाचार्यांना अश्वत्थामा मेल्याचं सांगताना युधिष्ठिर ‘नरो वा कुंजरो वा’ हळूच पुटपुटतो. हत्ती मेलेला होताच, त्यामुळे शब्द एकही खोटा नव्हता. फसवलं ते आवाजाच्या पट्टीने. आणि त्याचा भुर्दंडही महाभारतात लगेच पडतो: तोवर जमिनीला न टेकणारा त्याचा रथ खाली येतो.

तेव्हा दुरुस्ती अशी करा. निवेदकाचं प्रत्येक वाक्य रहस्य कळल्यानंतर पुन्हा वाचा. ‘मी रात्रभर झोपून होतो’च्या जागी ‘दहाला दिवा मालवला. सकाळी भोंगा झाला तेव्हा डोळे जळजळत होते’ असं येऊ दे. पहिल्या वाचनात ही झोपमोड वाटते आणि दुसऱ्या वाचनात जाग्रण.

सगळी पात्रं एकाच मराठीत

सोलापूरवर लिहिता आणि तेलुगू-कन्नड विसरता, हे परवडणारं नाही. पूर्व भागात घराघरांत तेलुगू चालतं, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. इथे माणूस काय बोलतो यापेक्षा त्याला काय समजतं, यात खोटं लपवता येतं. समजा, लातूरचा म्हणून एक भाडेकरू राहायला आलाय. तेलुगूचा गंध नाही, असं त्याने सांगून ठेवलंय. जेवताना म्हातारी सुनेला तेलुगूत बजावते, आता याला भाकरी वाढू नको, उद्याला पुरल्या पाहिजेत. आणि टोपलीकडे निघालेला त्याचा हात मागे जातो.

यानंतर ‘म्हणजे त्याला तेलुगू येत होतं!’ हे वाक्य लिहायचं नाही. हात कुठल्या प्रकारचा होता, केसाळ की गोरा, तेही नको.

एकटा गुन्हेगारच खोटारडा

बाकी सगळे सत्यवचनी असले की वाचक दहाव्या पानावर माणूस हेरतो. प्रत्येकाला लपवायला काहीतरी द्या: यंत्रमागावरचा कामगार व्याजाने काढलेली रक्कम लपवतोय, मुलगी गाडीवर कोणाच्या मागे बसली होती ते लपवतेय. बहुतेक खोटं लाजेपोटी बोललं जातं.

फौजदारापुढे कबुली, पडदा

शेवटी खोटं उघडं पाडायला यंत्र आणू नका. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग यांपैकी काहीही संमतीशिवाय करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सांगितलंय. संमतीने केलं तरी त्याचा निष्कर्ष हा पुरावा ठरत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुलीही आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्यात होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. साक्षीदाराचा पोलिसांपुढचा जबाब शपथेवर नसतो आणि त्यावर त्याची सही घेत नाहीत, म्हणून तो कोर्टात फितूर होऊ शकतो. थरारकथेला याहून मोठी देणगी कोणती?

मात्र कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग ग्राह्य धरतात. म्हणजे तुमची पाणी भरणारी बाई सगळं कबूल करून टाकेल, रडेल, माफी मागेल, आणि फक्त कोयता कुठे टाकला याबद्दल शेवटचं खोटं बोलेल. तीन पानी कबुलीजबाब काढून टाका. त्या जागी दोन पंच, एक फौजदार आणि ती, अशी चौघं हिप्परग्याच्या तलावाकडे जीपमधून निघू द्या, आणि ती कुठल्या वळणावर थांबा म्हणते, ते लिहा.